न विचारायचे चार आठवडे

टेलिफोनवालीला घरी चहाला बोलवायचं मिस्त्रींनीच ठरवलं, आणि तिथेच सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकली.

सहा महिने त्या बाईचा विषय निघाला की हा माणूस जेवण अर्धं टाकून उठायचा. आणि आता नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, घरात गुलाबी मेणबत्ती पेटवायच्या दिवशी, तो स्वतः फोन करून तिला बोलावतो? मोठ्या मावशीचा विश्वासच बसेना. ती चारला यायची ती अडीचलाच आली. कोट न काढता सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कप पुसत असलेल्या मिस्त्रींच्या मागे उभी राहिली.

"मिस्त्री, तुमच्या मनात आहे तरी काय?"

"चहा आहे. बारकी केक आणायला गेलीय, तोही आहे."

"मी तुम्हाला काल ओळखायला लागले का? बहिणीसाठी तुम्हाला बघायला वर्कशॉपवर मीच आले होते. तुम्ही गोड बोलायला लागलात की पुढे खड्डा असतो."

"गोड बोललो नाही तर तुसडा म्हणता, बोललो तर खड्डा म्हणता. ताई, कोट काढा आधी. घाम फुटेल."

"घाम मला नाही फुटायचा," मावशी म्हणाली. पण कोट काढला.

मावशी म्हणजे मिस्त्रींच्या बायकोची थोरली बहीण. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माणूस समोर आला की ती आधी त्याच्या नखांचा रंग बघायची. टेलिफोनवाली या घराला ठाऊक झाली ती तिच्यामुळेच. टेलिफोनवालीने आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये लाइनी जोडून दिल्या आणि नोकरी संपल्यावर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर बुधवारी आजारी माणसांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लागली. गुण येतो, असं लोक म्हणत. "आधी बाहेरगावी जोडून द्यायची, आता थेट वर जोडते," असं मिस्त्री म्हणत. या विनोदाला बायको कधी हसली नाही.

बायकोच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी, जन्मभर. गेल्या वर्षी नाताळला चार दिवस राहिले असताना ती सकाळी खुर्चीवर बसून मोजे घालत होती. एक घातला, दुसरा हातात राहिला. झडपेत रक्ताची गाठ अडकली, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या नेमाने घेत होत्या ना, असंही त्यांनी विचारलं. घेत होती, असं मिस्त्रींनी छातीठोकपणे सांगितलं. जूनमध्ये तिचा जाड कोट कुणाला तरी द्यायला म्हणून काढला, तेव्हा अस्तराच्या खिशात त्याच गोळ्यांच्या दोन अख्ख्या पट्ट्या निघाल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

हे त्यांनी फक्त मुलाला सांगितलं. मुलाला घरात वकील म्हणत, कारण तो तिसरीत असल्यापासून वाद घालत होता. पुढे तो विमा कंपनीत लागला, लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासायला. म्हणजे जी खोड होती तीच पोटापाण्याला लागली. पट्ट्या बघून तो एवढंच म्हणाला, "बाबा, बुधवारी हॉलमध्ये जाऊन आली की आई त्या बाईचंच सांगत बसायची, आठवतं?" मिस्त्रींना आठवत नव्हतं. आणि त्या न आठवण्याचाही राग त्यांनी टेलिफोनवालीच्याच खात्यात टाकला.

तरीही ते गप्पच राहिले असते. पण पंधरा दिवसांपूर्वी, पहिली मेणबत्ती पेटली त्या संध्याकाळी, बारकीने भर टेबलावर सांगितलं होतं, "वर्ष झालं, मला एकही फिट आली नाही. बाईंकडून हात ठेवून घेणार आहे. नाताळनंतर गोळ्या बंद."

बारकी त्यांची मुलगी. नाव बारकी, पण उंचीने भावाच्या वर, वय एकतीस. तेराव्या वर्षापासून तिला फिट यायच्या. पुस्तक बांधणीच्या कारखान्यात ती कागद कापायच्या मशिनवर होती. ते पातं एका दाबात कागदाचा वीतभर गठ्ठा कापतं. बटणं दोन असतात, दोन्ही हात गुंतलेले असल्याशिवाय पातं खाली येत नाही, हे खरं. पण मिस्त्रींचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. "असं होऊच शकत नाही" म्हणतात ते त्यांनी यंत्रांत कितीदा झालेलं बघितलं होतं.

म्हणून त्यांनी आणि वकिलाने हा चहा ठरवला. बाईला घरच्यांसमोर बोलतं करायचं. तिच्या तोंडून गोळ्यांची गोष्ट बाहेर काढायची. वकिलाच्या शर्टाच्या खिशात फोन चालू राहणार होता. एकदा बारकीने आपल्या कानांनी ऐकलं की आईला कुणी बुडवलं, की ती पुन्हा त्या हॉलची पायरी चढणार नाही.

टेलिफोनवाली चारला पाच कमी असताना आली, आणि जिना चढून आली. चौथा मजला. दारात उभी राहून दम घेत होती. बुटकी, राखाडी लोकरी टोपी घातलेली, हातात काही नाही.

"लिफ्ट होती की, बाई," मिस्त्री म्हणाले. "चालू आहे."

"चालू आहे म्हणताय. पण आत तपासणीचा कागद लावलाय, त्यावरची तारीख उलटून चार महिने झालेत."

वकील खोकला. मिस्त्रींचे कान तापले. आपल्याच इमारतीतल्या लिफ्टची तपासणी करून घ्यायची राहून गेली होती. गेल्या वर्षभरात असं बरंच काही राहून गेलं होतं.

"नजर तीक्ष्ण आहे," ते म्हणाले.

"एकटी राहते. वाचत बसायची सवय लागलीय. भिंतीवरचंसुद्धा."

बारकीने तिचा कोट घेतला, खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. ती उशी आईची होती. मिस्त्रींनी ते बघितलं आणि दात आवळून घेतले.

टेबलाच्या मध्ये हिरव्या डहाळ्यांचं कडं होतं. त्यात चार मेणबत्त्या, दोन आधीच्या रविवारी अर्ध्या जळलेल्या. बारकीने त्या दोन लावल्या, मग तिसरी गुलाबी लावली. मावशीने छोटी प्रार्थना म्हटली. सगळे आमेन म्हणाले. वकीलही म्हणाला, पण चहाला हो म्हणावं तसं.

"तुमच्याकडे आगमनकाळात सोडायची पद्धत आहे ना?" टेलिफोनवालीने विचारलं. "तुमच्या मिसेस सांगायच्या."

"आमच्या आजीपासूनची," मावशी खुलली. "पहिली मेणबत्ती लागली की प्रत्येकाने एक गोष्ट सोडायची. काय सोडलं ते कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. नाताळच्या सकाळी टेबलावर सगळ्यांनी एकेक करून सांगायचं. किती हसतो आम्ही! या मिस्त्रींनी एका वर्षी शिव्या सोडल्या होत्या. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"कारण तू समोर आलीस की ते मनात देतात, मावशी," वकील म्हणाला.

"आणि तू वाद घालायचं सोडलं होतंस. किती दिवस टिकलं?"

"दोन. आणि ते सोडणं नव्हतंच, घसा बसला होता."

बारकी हसली. टेलिफोनवालीही हसली. मिस्त्रींना तिचं हसणं आवडलं नाही. जास्तच बरं वाटणारं हसणं होतं. अशा माणसावर लोक भाळतात, त्यांनी मनात नोंदलं.

लिफ्टचा दोर तपासायची त्यांची एक रीत होती. तारांचा दोर वरून धडधाकट दिसतो, तुटलेली बारीक तार डोळ्याला दिसत नाही. मग हातात फडकं घ्यायचं, ते दोराभोवती सैल धरायचं आणि लिफ्ट अगदी हळू चालवायची. जिथे तार तुटली असेल तिथे फडकं अडकतं. घाई करायची नसते. आजही त्यांनी घाई केली नाही. केक कापून झाला, चहा ओतून झाला, थंडीचं बोलून झालं.

"बाई," मग ते म्हणाले, "आमची ही तुमच्याकडे कधीपासून यायची?"

"मागच्या ऑक्टोबरपासून. नऊ बुधवार आल्या."

"नऊ. मोजलेत?"

"ज्यांच्या डोक्यावर हात ठेवते त्यांचे दिवस मला लक्षात राहतात."

"मग काय काय बोलणं झालं तेही असेल लक्षात."

मावशीने कप खाली ठेवला. "मिस्त्री, हा चहा आहे की चौकशी?"

"मी विचारतोय फक्त, ताई. आमच्या घरात विचारायचं नसतं ते चार आठवडे स्वतःच्या माणसांना. या बाई बाहेरच्या आहेत."

"बाबा," बारकी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती भावाकडे बघत होती, त्याच्या शर्टाच्या खिशाकडे. "वकिला, खिशात काय चालू आहे?"

"फोन आहे."

"उपडा का घातलायस?"

वकिलाने फोन काढला आणि टेबलावर ठेवला. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका सगळ्यांना दिसला. मावशीच्या गळ्यातून बारीक आवाज निघाला. बारकी उठून उभी राहिली.

"राहू दे, पोरी," टेलिफोनवाली म्हणाली. "चालू राहू दे. बस तू." ती मिस्त्रींकडे वळली. तिची एक सवय होती, समोरच्याचं म्हणणं आधी स्वच्छ आवाजात परत म्हणून दाखवायचं. "म्हणजे तुम्हाला विचारायचंय, की मी तुमच्या बायकोला गोळ्या बंद करायला सांगितल्या का."

बारकी बसली नाही. "कुठल्या गोळ्या? आईने गोळ्या बंद केल्या होत्या?"

मिस्त्रींनी हे असं ठरवलं नव्हतं. ते बाईच्या तोंडून यायला हवं होतं, आणि कबुली म्हणून. आता त्यांनाच सांगावं लागलं. कोट, अस्तर, खिसा, दोन पट्ट्या. सांगताना त्यांनी मुलीकडे बघितलं नाही.

"जूनपासून माहीत होतं," बारकी म्हणाली. "आणि तुम्ही दोघं गप्प."

"तुला त्रास होईल म्हणून," वकील म्हणाला.

"माझ्या त्रासाचा मक्ता तुम्हाला कुणी दिला?"

"मी उत्तर देते," टेलिफोनवाली म्हणाली. "हॉलमध्ये कुणीही पहिल्यांदा आलं की मी दोन गोष्टी विचारते. औषध कोणतं आणि आज घेतलंत का. नाही म्हणाले तर घरी जा, घ्या, मग या. मी डॉक्टर नाही. माझ्या हाताखाली कुणाला काही झालं तर काय, ही भीती मला रोज असते."

"हे सिद्ध करता येईल?" वकील.

"मी होते तिथे," मावशी ताडकन म्हणाली. "दर बुधवारी होते. अगदी हेच विचारतात. घे, तेही टेप कर."

"मावशी, तू त्यांच्याच बाजूची. तुझ्या साक्षीला काय किंमत?"

"चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात औषध घातलंय मी! माझ्या सख्ख्या बहिणीने गोळ्या सोडल्या असत्या तर मला कळलं नसतं? उलट शेवटच्या पंधरा दिवसांत ती इतकी छान दिसायला लागली होती. तुम्ही पुरुष, तुम्हाला कुठलं दिसायला? तिच्या हातांवर ते निळे डाग असायचे ना, जरा कुठे लागलं की उमटायचे? सगळे गेले होते. स्वच्छ हात. प्रार्थनेने गेले ते, हॉलमध्ये सगळ्यांनी बघितले, आगमनकाळाच्या दुसऱ्याच बुधवारी हात एकदम..."

मावशी थांबली.

 तिने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

फडकं अडकलं, हे मिस्त्रींना कळलं. पण ज्या जागी अडकेल असं वाटलं होतं ती ही जागा नव्हती.

"ताई," त्यांनी हळू विचारलं, "ते डाग कशाने पडायचे?"

मावशीने बाही मनगटावर ओढली. "गोळीने. रक्त पातळ असलं की..." ती खुर्चीत मागे टेकली. "देवा. मी नर्स आहे. मी तिचे हात हातात घेऊन बघितले. मी टाळ्या वाजवल्या."

  वकिलाने हात पुढे करून फोन बंद केला.

"मी त्यांना उभं केलं होतं," टेलिफोनवाली म्हणाली. आता ती कुणाचं वाक्य परत म्हणत नव्हती, आणि तिचा आवाज पहिल्यासारखा स्वच्छ नव्हता. "सगळ्यांसमोर. बाह्या वर करा, म्हणाले. बघा देवाने काय केलं, असं मी म्हणाले. त्या दिवशी गोळी घेतलीत का, हे विचारलं नाही. डागच गेले होते, मग काय विचारायचं? त्या काही बोलल्या नाहीत. बाह्या खाली घेतल्या आणि जागेवर जाऊन बसल्या."

मिस्त्री बोटांनी टेबलाची कड चाचपत होते. त्यांनाही एक सकाळ आठवत होती. ही सकाळ आठवायची नाही असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, पण ती आजपर्यंत वर आली नव्हती. बायको भांडी घासत होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी तिचा ओला हात धरला आणि म्हणाले, "अगं, हात बघ तुझे. नव्या नवरीचे झालेत." तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "कामाला उशीर होतोय, मिस्त्री." दिवसभर ते खुशीत होते. त्या दिवशी त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना गाणं म्हटलं होतं.

"मलाही दिसले होते," ते म्हणाले. "मीही खूश झालो."

"पण का?" वकील म्हणाला. वाद घालायचा त्याचा सूर गेला होता. "कुणी सांगितलं नाही, तर का सोडेल ती?"

टेलिफोनवालीने बारकीकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. ते बारकीच्या लक्षात आलं.

"बोला," बारकी म्हणाली. "माझ्याबद्दल आहे ना?"

"त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या कधी. नऊही बुधवार तुझ्यासाठी आल्या. मुलीच्या फिट थांबू देत, एवढंच मागायच्या. आगमनकाळ लागायच्या आधी एकदा मला विचारलं, सोडायची गोष्ट किती मोठी असावी? मी म्हणाले, जिची रोज आठवण होईल एवढी. मला वाटलं साखर असेल, चहा असेल. काय सोडताय, असं मी विचारलं नाही. तुमच्याकडे विचारत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं."

मिस्त्रींनी डोळे मिटले. रोज एक गोळी. रोज सकाळी आठवण व्हायची गोष्ट. नाताळच्या सकाळी टेबलावर सांगून ती सगळ्यांना चकित करणार होती. नाताळ चार दिवस लांब राहिला.

डोळे उघडले तेव्हा बारकी रडत होती. पण तो चेहरा दुःखाचा नव्हता. कुणीतरी मोठी भेट हातात ठेवल्यावर होतो तसा होता.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "आणि तेव्हापासून मला एकही फिट आली नाही. बाबा, कळतंय का तुम्हाला? तिचं मागणं ऐकलं गेलं."

"त्याच महिन्यात डॉक्टरांनी तुझी गोळी बदलली होती," वकील म्हणाला. "नवीन गोळी सुरू झाली आणि..."

"वकिला, एक शब्द बोललास तर कप फेकून मारेन."

त्याने तिच्यासमोरचा कप आपल्याकडे ओढून घेतला. ती खरंच मारेल, हे त्याला माहीत होतं.

मिस्त्रींना आपण काय करून बसलो ते आता नीट दिसलं. मुलीला हॉलपासून तोडायला त्यांनी हा घाट घातला होता, आणि हॉलने जे दिलं नसतं ते त्यांनी स्वतःच तिच्या हातात दिलं होतं. हात ठेवणारी बाई खोटी ठरली असती तर बारकी गोळ्या घेत राहिली असती. आता समोर तिची आई उभी होती. आईपुढे कुठला डॉक्टर टिकणार?

आणि मग एक दुसरीच शंका त्यांच्या मनात आली. पंधरा दिवसांपूर्वी बारकी म्हणाली होती, नाताळनंतर बंद. त्या दिवशीही तिचा चेहरा असाच होता. पहिल्या मेणबत्तीच्या संध्याकाळी.

"बारके, तू काय सोडलंयस यंदा?"

"मिस्त्री, विचारायचं न..." मावशीच्या तोंडून सवयीने निघालं, आणि तिने स्वतःच आपल्या तोंडावर हात ठेवला. मग हात काढला. "विचारा," ती म्हणाली. "विचारा तिला."

"नाताळच्या सकाळी सांगेन."

"तुझी आईसुद्धा नाताळच्या सकाळीच सांगणार होती."

बारकीने ओठ घट्ट मिटले. लहानपणी औषध नको असलं की मिटायची तसे. वकील खुर्चीतून अर्धा उठला होता, मिस्त्रींनी हाताने त्याला खाली बसवलं.

"ये इकडे," टेलिफोनवाली एकदम म्हणाली. "हात ठेवून घ्यायचाय ना तुला माझा? मग मी विचारते. औषध आज घेतलंस?"

बारकी हलली नाही.

"काल?"

"पहिल्या रविवारपासून नाही," बारकी म्हणाली. "आणि काही झालेलं नाही मला. चौदा दिवस मशिनवर उभी आहे, काही झालेलं नाही."

मावशी उठली. गुडघे धरून उठणारी ती म्हातारी बाई, आता वॉर्डातल्या सिस्टरसारखी उठली. "मोबाईल कुठाय? डॉक्टरांचा नंबर दे, वकिला. रविवार असला म्हणून काय झालं, उचलतील. आणि कुणी घाईघाईने तिला गोळी देऊ नका हं. इतके दिवस बंद असली की एकदम पूर्ण सुरू करायची नसते, ते सांगतील तशीच."

"मी घेणार नाही, मावशी."

"तू बस. तुला कुणी विचारलंय?"

"आता तर सगळेच विचारताय!" बारकी ओरडली. "मी गोळी घेतली, तर आईने केलं ते काय? ती फुकट गेली असं म्हणायचं मी?"

मिस्त्री उठले. टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मुलीकडे बघायला त्यांना मान वर करावी लागायची.

"ती गेली," ते म्हणाले. "फुकट गेली की कशासाठी गेली, मला ठरवता येत नाही. मला बोलता येत नाही असलं काही. तुझ्यावर तिचा जीव होता, तेवढं मला माहीत आहे. पण ती मोजे घालत होती, बारके. पलीकडच्या खोलीत मी दाढी करत होतो. मी तिला एकदा विचारलं असतं तर ती इथे बसली असती आणि तुला हेच सांगितलं असतं, जे मी सांगतोय. तू त्या मशिनवर पडलीस तर तिचं मागणं ऐकलं गेलं असं कोण म्हणणार?"

"देव पडू देणार नाही."

"असेल. पण मी चौदा दिवस तुझ्यासमोर बसून जेवलो. मला काही दिसलं नाही. तुझ्या आईचं दिसलं तर मी खूश झालो. माझ्या भरवशावर राहू नकोस."

ती टेलिफोनवालीकडे वळली.  "तुम्ही तरी काही बोला. आईची प्रार्थना ऐकली गेली की नाही?"

सगळ्यांचे कान तिकडे लागले. मिस्त्रींचेही लागले, आणि त्याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

"मला माहीत नाही, पोरी," टेलिफोनवाली म्हणाली. "त्या बुधवारी मला माहीत आहे असं वाटलं होतं. सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. पुन्हा नाही बोलणार." तिने टोपी चढवली. "मी खाली जाते. तुम्ही डॉक्टरांशी बोला. या बुधवारी हॉलमध्ये मी तुमच्या बायकोबद्दल जे सांगितलं होतं ते दुरुस्त करणार आहे, मिस्त्री. यायचं तर या. हवं तर रेकॉर्ड करा."

तिला दारापर्यंत सोडायला कुणी गेलं नाही. मग मावशी गेली.

वकिलाने तोवर नंबर लावला होता. फोन लागला. त्याने तो बहिणीपुढे धरला. बारकीने तो घेतला. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"डॉक्टर, मी बोलतेय. हो, बांधणी कारखान्यातली. नाही, आली नाही. गोळ्या बंद आहेत, पंधरावा दिवस. कुणी सांगितलं नाही, माझी मीच. उद्या सकाळी? येते. नाही, मशिनवर नाही जाणार. हो, घरी आहेत, सगळे आहेत इथे." मग तिने फोन वडिलांकडे दिला. "तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. एकटं ठेवायचं नाही, आंघोळीला आतून कडी लावू द्यायची नाही, फिट आली तर कुशीवर वळवायचं, फार वेळ थांबली नाही तर थेट इस्पितळ. अठरा वर्षं ऐकत आले होते, तरी प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले. फोन ठेवला.

बारकी टेबलाशी बसली होती. मावशीने तिच्यापुढे केकचा तुकडा सरकवला होता. ती तो बोटाने कुस्करत होती, खात नव्हती.

"जाईन उद्या," ती म्हणाली. "ते सांगतील तसं घेईन. पण एक सांगते, बाबा. आईने जे केलं त्याला या घरात कुणी खोटं म्हणायचं नाही. तू पण नाही, वकिला."

"नाही म्हणत," वकील म्हणाला.

मिस्त्री खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "मी खोटं म्हणणार नाही," ते म्हणाले. "चूक म्हणेन."

बारकीने केकचा चुरा बशीच्या एका बाजूला गोळा केला.

"ते म्हणा," ती म्हणाली.